भिशी: आधी उचलावी की शेवटी?

पुतणीचा प्रश्न: "काका, लिलावाची भिशी पहिल्याच महिन्यात उचलू, का थांबू?"

दहा जणांची, महिना प्रत्येकी ५,००० ची भिशी धरू. लिलाव म्हणजे, दर महिन्याच्या जमेतून सगळ्यांत कमी रक्कम घ्यायला जो तयार, तो ती उचलतो. नव्या फोनसाठी उतावीळ झालेला पहिल्या महिन्यात ५०,००० ऐवजी ४२,००० घेतो. सोडलेले ८,००० सगळ्यांत वाटले जातात, प्रत्येकी ८००. हप्ते मात्र शेवटपर्यंत भरायचे. हौसेची किंमत ही.

शेवटच्याला पूर्ण रक्कम, वर दर महिन्याची वाटणी. पण मधेच कोणी हप्ते थकवले तर बुडतो तोच. (घरगुती भिशीला कागद कुठला!) दुसऱ्याची नड बघून नंबर सोडणाऱ्यांना धीर जमतो, पण भरवसाही ते जरा जास्तच टाकतात.

दवाखाना किंवा फी असेल तर आधी उचल. घाई नसेल आणि माणसं जुन्या ओळखीची असतील तर शेवटी. फोनसाठी? आरडी (दरमहा भरायची ठेव) काढ.