मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे पेनाच्या आकाराचे व्हॉइस रेकॉर्डर: क्षेत्रकार्याला चालतील?

मानवशास्त्र किंवा आफ्रिकन अभ्यास शिकणाऱ्यांनी हे घेऊ नयेत. शांत खोलीत एका माणसाची मुलाखत निभावते. पण सिद्दींच्या (भारतातला आफ्रिकी वंशाचा समाज) ‘धमाल’ या नाच-गाण्यातला ढोल सुरू झाला की आवाज फाटतो, कारण रेकॉर्डिंगची पातळी हाताने कमी करायची सोयच नसते. (सर्वात मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास हवा; शून्याला आवाज फाटतो.) ती सोय आणि बाहेरच्या माइकसाठी 3.5 मिमीचं भोक असलेला रेकॉर्डर शोधा. पैसे जास्त जातील, जाऊ देत. ‘नॉइज कट’ (मागचा गोंगाट कमी करणारी सोय) बंदच ठेवा, तो हलके उच्चार गिळतो. फाइल वेव्हच (WAV, न दाबलेला आवाज) हवी: 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओला तासाला सुमारे 635 एमबी, म्हणजे 8 जीबीत जेमतेम 12 तास. दुकानातच हेडफोन लावून ऐका. रस्त्यावरचा गोंगाट इथे फुकट मिळतोच.