आठ महिने थंडरबोल्ट, आणि वळायची खोड

"मामा, तू वळतोसच कशाला?"

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या अकरावीतल्या भाच्याने हा प्रश्न मला एका संध्याकाळी निदान वीस वेळा विचारला असेल. वॉर थंडर हा युद्धविमानांचा ऑनलाइन व्हिडिओ गेम. त्याच्या रिअलिस्टिक बॅटल या प्रकारात मी पी-४७ डी थंडरबोल्ट हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान नुकतंच उडवायला घेतलं होतं आणि दर मॅचला, पहिल्या झटापटीतच, जमिनीवर येत होतो. त्याआधी वर्षभर मी फक्त स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान उडवलं होतं. तिथे माझं बरं चाललं होतं, म्हणजे माझा तरी तसा समज होता. शेपटीला कुणी लागलं की जोरात वळायचं, दीड-दोन चकरांत आपणच त्याच्या मागे. एवढ्या एका युक्तीवर वर्ष निघालं.

तीच युक्ती थंडरबोल्टमध्ये केली की काय होतं ते साध्या हिशेबात सांगतो. स्पिटफायर मार्क ९ भरलेलं असताना साडेतीन टनांच्या आत-बाहेर. थंडरबोल्ट साडेसहा टन. पंख मात्र दुप्पट नाहीत. स्पिटफायरच्या पंखाच्या एका चौरस मीटरवर दीडशे किलोच्या आसपास भार येतो, थंडरबोल्टच्या पंखावर दोनशे तीसच्या वर. वळताना पंखांनाच सगळं वजन ओढून न्यायचं असतं. त्यामुळे या धुडाला घट्ट वळवलं की वेग ताशी साडेचारशे किलोमीटरवरून अडीचशेवर येतो, नाक डगमगायला लागतं, आणि मागचा जर्मन मेसरश्मिट निवांत नेम धरतो.

मग असलं विमान कुणी बनवलंच का? अलेक्झांडर कार्टवेली हा मूळचा तिबिलिसीचा, रिपब्लिक कंपनीचा मुख्य अभियंता. त्याने प्रॅट अँड व्हिटनीचं अठरा सिलिंडरचं, दोन हजार अश्वशक्तीचं इंजिन घेतलं आणि वर विरळ हवेतही त्याचा दम टिकावा म्हणून टर्बोसुपरचार्जर बसवला. तो पायलटच्या मागे, शेपटीकडच्या भागात. पुढून मागे आणि मागून पुढे हवेचे जाडजूड नळ न्यायचे म्हणून पोट एवढं सुटलेलं. ६ मे १९४१ ला पहिलं उड्डाण झालं आणि युद्ध संपेपर्यंत पंधरा हजारांहून जास्त विमानं बनली. नऊ हजार मीटरवर ते ताशी ६९० किलोमीटरच्या आसपास धावतं. म्हणजे ते बनलेलं आहे वरच्या हवेसाठी, आणि मी ते घेऊन झाडांच्या शेंड्यांवर फुगड्या घालत होतो.

हे सगळं वाचून कळलं होतं, पण हाताला कळायला तीन महिने लागले. भाच्याची ती शिकवणी अजून आठवते. तो शाळेच्या कबड्डी संघात होता, त्यामुळे त्याने एका वाक्यात प्रकरण मिटवलं. "मामा, ही चढाई आहे. हात लाव आणि रेषेकडे पळ. आत रेंगाळलास की पकड."

यालाच खेळाडू बूम अँड झूम म्हणतात. वरून सूर मारायचा, एक फैर झाडायची, लागली तर लागली, नाही लागली तरी त्याच वेगात पुन्हा वर निघून जायचं. अवघड काय आहे तर ते पळणं. समोरचा तीनशे मीटरवर आहे, जरासा डावीकडे सरकलाय, अजून थोडं ओढलं तर गोळी बसेल असं वाटतं. ते 'थोडं' म्हणजेच वळणं. आठ महिन्यांत मी जितक्या वेळा मेलो, त्यातला मोठा वाटा या 'थोडं'चा आहे.

मॅच सुरू झाली की मी आता काय करतो ते सांगतो. धावपट्टी सोडली की लढाईच्या दिशेने जातच नाही. नाक साठेक अंश बाजूला वळवून पावणेतीनशेच्या वेगात चढत राहतो. याला आठ-नऊ मिनिटं लागतात. टीममधले लोक तेवढ्यात खाली भांडून मरून मोकळे झालेले असतात आणि चॅटमध्ये कुणीतरी माझा उद्धार करत असतो. मी चहा घेतो. साडेपाच-सहा हजार मीटरवर पोचलो की नाक आडवं करून वेग साडेचारशेच्या पुढे जाऊ देतो आणि मग खाली बघायला लागतो. कीबोर्डवरचं सी दाबून मान फिरवायची सवय इथेच लागली. स्पिटफायरमध्ये मी मागे वळून बघतच नसे, बघायची गरज शेपटीवर गोळ्या वाजल्यावरच पडायची.

मार्चमधली एक मॅच डोळ्यांसमोर आहे. मी साडेपाच हजारांवर, खाली अंदाजे चार हजारांवर एक बीएफ-१०९, म्हणजे मेसरश्मिटच, आमच्या एकाच्या मागे लागलेला. थ्रॉटल थोडं कमी करून कलंडलो. वेग ६०० झाला, ६५० झाला. त्याने मला बघितलं आणि जोरात डावीकडे वळला. पूर्वीचा मी त्याच्या मागे वळलो असतो. या वेळी पंख सरळ केले, नाक उचललं आणि निघून गेलो. तो माझ्या मागे चढायला लागला. १०९ चढायला माझ्यापेक्षा चांगलं, पण माझ्याकडे सुरातून आलेला वेग होता, त्याने तो वळण्यात घालवला होता. मागे बघत होतो: आठशे मीटर, हजार, बाराशे. मग त्याचं नाक खाली पडलं, वेग संपला होता. त्या क्षणी मी उलटा झालो आणि खाली आलो. तो जवळजवळ हवेत उभाच होता. दीड सेकंद बटण दाबलं, बस.

दीड सेकंद पुरतो, कारण आठ ब्राउनिंग मशीनगन आहेत, एका पंखात चार. सगळ्या मिळून सेकंदाला शंभराच्या आसपास गोळ्या जातात आणि प्रत्येक गनला ४२५ गोळ्या मिळतात. पण या गन पंखांत दूरदूर बसवलेल्या असल्याने त्यांच्या धारा कुठे एकत्र यायच्या ते अंतर आपण ठरवायचं. मी सुरुवातीला ते आठशे मीटर ठेवलं होतं, लांबून मारता येईल म्हणून. उलटंच झालं. जवळ गेलो की गोळ्या दोन्ही बाजूंनी निघून जायच्या. आता साडेतीनशेवर आहे. नवीन माणसाला मी विमान कुठलंही घे म्हणेन, पण हे सेटिंग पहिल्या दिवशी बदल म्हणेन.

थंडरबोल्टच्या मजबुतीबद्दल इतकं ऐकलं होतं की ते रणगाडाच असेल असं वाटायचं. २६ जून १९४३ ला रॉबर्ट जॉन्सन नावाच्या पायलटच्या थंडरबोल्टवर फॉकवुल्फ या जर्मन लढाऊ विमानाने आपल्या गोळ्या संपेपर्यंत मारा केला, तरी तो चाळण झालेलं विमान घेऊन इंग्लंडला परतला. खेळात त्या भरवशावर बसू नका. इंजिन हवेने थंड होतं, त्यामुळे रेडिएटर फुटून पाणी गळायची भानगड नाही, हे खरं. पण तोफेचे दोन गोळे शेपटीला लागले की गोष्ट तिथेच संपते.

दुसरा दोष सुराचाच. आठशेच्या पुढे गेलो की कंट्रोल जड होत जातात. एकदा एका बॉम्बरमागे मी असा काही घुसलो की नाक वर यायच्या आत शेत आलं. खऱ्या पायलटांचंही हेच दुखणं होतं, म्हणूनच पुढे डी-३० या आवृत्तीपासून पंखाखाली सुरातून बाहेर काढणारे खास फ्लॅप बसवले गेले.

जॉयस्टिकचा प्रयोगही केला. एका दुकानातून वापरलेली घेतली, ती मध्यावर स्थिरच राहीना, विमान आपलं आपण डावीकडे झुकायचं. परत माउसवर आलो. रिअलिस्टिकमध्ये माउस पुरतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या खाली क्वचित येतो, पण एका फैरीच्या या पद्धतीत त्याचा त्रास वळणावळणाच्या लढाईपेक्षा कमी होतो. हा फायदा मला कुणी आधी सांगितला नव्हता.

एकट्याने कंटाळा आला की मी आणि भाचा वाइल्डकॅट हे अमेरिकन नौदलाचं लढाऊ विमान घेतो. तो नाशिकला, मी पुण्यात, कानाला हेडफोन. जॉन थॅच या अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने झीरो या चपळ जपानी लढाऊ विमानाविरुद्ध काढलेला डाव आम्ही घोटवला: दोघांनी अंतर ठेवून समांतर उडायचं, एकाच्या मागे कुणी लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं, म्हणजे पाठलाग करणारा दुसऱ्याच्या तोंडासमोर येतो. जून १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत थॅचने तो वापरला. इथे वळावं लागतं, पण ठरवून, आणि "आता!" कुणी म्हणायचं यावर आमची भांडणं होतात.

मग घ्यावं का थंडरबोल्ट? पहिलं विमान म्हणून नको. आधी स्पिटफायर किंवा झीरो घ्या, मनसोक्त वळा, खेळ कळू द्या. संध्याकाळी अर्धाच तास मिळत असेल तरीही नको, तो चढण्यातच जाईल. पण स्पिटफायरवर आपण अडकलोय असं वाटत असेल तर दोन महिने हे चालवून बघा. मी मध्यंतरी स्पिटफायरवर परत गेलो तर तिथेही आधी उंची घ्यायला लागलो होतो.

गेल्या रविवारी भाच्याने कस्टम बॅटल, म्हणजे फक्त आमच्या दोघांची लढत, लावली. तो झीरोत, मी थंडरबोल्टमध्ये. मी पाच हजारांवर, तो खाली दीड हजारांवर गोल गोल फिरत होता. तीन चढाया केल्या, एकदा त्याच्या पंखाला भोकं पाडली. चौथ्या वेळी तो सुस्त दिसला, वेग कमी झालेला, अगदी समोर. वाटलं, अजून थोडं ओढलं तर.

हेडफोनमध्ये तो हसायला लागला तेव्हा माझा वेग दोनशे साठ होता.