एनआरसीची अ‍ॅडम्स लायब्ररी: फुकट आहे, नक्की वापरा

अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाची ही ऑनलाइन लायब्ररी, अकाउंट बिकाउंट काही लागत नाही, सर्च करा नि पीडीएफ उघडा. मी इंडियन पॉइंट अणुवीज प्लांटच्या लायसन रिन्यूअलचे कागद वाचायला वापरली. न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठचा प्लांट, कूलिंगसाठी रोज अडीच अब्ज गॅलनपर्यंत पाणी नदीतून घ्यायचा आणि गरम करून परत सोडायचा, त्यात माशांची अंडी नि पिल्लं खेचली जाऊन मरायची.

अमेरिकेत क्लीन वॉटर अ‍ॅक्टचं (पाणी स्वच्छ ठेवायचा केंद्राचा कायदा) कलम ४०१ आहे, म्हणजे राज्याने पाण्याचं सर्टिफिकेट दिल्याशिवाय (किंवा आपला हक्क सोडल्याशिवाय) केंद्राला लायसन देताच येत नाही. न्यूयॉर्कने एप्रिल २०१० मध्ये सरळ नाही म्हटलं. राज्याला कूलिंग टॉवर हवे होते (त्याने नदीचं पाणी खूप कमी लागतं), कंपनी म्हणत होती पाणी आत घ्यायच्या तोंडाला बारीक जाळ्या बसवतो, शेवटी जानेवारी २०१७ मध्ये प्लांट बंद करायचा समझोता झाला आणि २०२१ मध्ये शेवटचं युनिट थांबलं. राज्याच्या हातात एवढी ताकद असणं मला अगदी योग्य वाटतं, नदी तिथल्या लोकांची आहे.

टिप: नुसतं प्लांटचं नाव टाकू नका, ढीगभर कागद येतात. डॉकेट नंबर (आयोगाच्या फाइलचा नंबर) टाका, युनिट २ चा ०५०००२४७ आणि ३ चा ०५०००२८६. माशांबद्दल वाचायचं तर पर्यावरण अहवालाची पुरवणी ३८ आधी काढा. मोठी आहे, पण भाषा सोपी.

पाचपैकी साडेचार स्टार.