ठिबक: आठवणीचा मेसेज की उसाच्या बिलाच्या वेळी बुकिंग?

बारामती-इंदापुरात ठिबक अनेकांना पटलेलं आहे. अडतं ते पैशाच्या वेळेवर. मग शेतकऱ्याने ठिबक घ्यावं म्हणून आठवणीचा मेसेज पाठवावा, की उसाचं बिल हाती येताच बुकिंग घ्यावं? मेसेज स्वस्त, पण लागणीच्या तोंडावर येतो, तेव्हा बिल घरखर्चात गेलेलं असतं. विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खताच्या तारखांसाठी मात्र उत्तम.

कायद्याने ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं असतं. बिल येईल त्याच आठवड्यात कारखान्याच्या गट ऑफिसात बुकिंग घ्या: सातबारा, आठ-अ तिथेच, सामान घरपोच मोफत, बुकिंगची मुदत छोटी. अनुदानाच्या पूर्वसंमतीआधी खरेदी मात्र नको, नाहीतर ते अडकतं. केनियात खतावर कापणीनंतर लगेच दिलेली मोफत घरपोचची अशी छोटी सवलत, खताचा वापर वाढवण्यात उशिरा दिलेल्या 50 टक्के सवलतीच्या तोडीची ठरली. आमचा कौल बुकिंगलाच. सोबत फिल्टर धुण्याचं प्रात्यक्षिक हवंच, नाहीतर ड्रिपर तुंबतात आणि नळ्या बांधावर पडतात.