बिघडलेल्या सिस्टीम फाइल्स आणि ५९,३४९ रुपये

विंडोजच्या सिस्टीम फाइल्स खराब झाल्या तर त्या दुरुस्त करण्यासाठी कोणालाही एक पैसा द्यावा लागत नाही. हे वाक्य सर्वांत आधी लिहितो, कारण ते मला वेळेवर कोणी सांगितले नाही आणि त्यापायी माझे ५९,३४९ रुपये गेले.

आम्ही सिंधुदुर्गात खाडीकाठी राहतो. हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते असा सगळा हिशेब घरच्या लॅपटॉपवर असतो. त्याची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असल्याने तो प्लगवरच चालतो, आणि आमच्याकडच्या विजेचा भरवसा काय हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. अपडेट चालू असताना लाईट गेली आणि त्यानंतर सेटिंग्जची खिडकी उघडताच बंद पडू लागली. मी संगणकाला घाबरणारा माणूस नाही. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून मी स्वतः ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही सिस्टीम फाइल्स तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवली. तपासणी शंभर टक्के पूर्ण झाली आणि खराब फाइल्स सापडल्या, पण त्यांतल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत, असा इंग्रजी संदेश आला. तोच संदेश जसाच्या तसा शोधला, तेव्हा सर्वांत वर ‘मायक्रोसॉफ्ट अधिकृत मदत’ असे लिहून एक फोन नंबर दिला होता. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, हे त्याच्या डोक्यावर इतक्या बारीक अक्षरांत लिहिले होते की ते वाचता येऊ नये हाच त्यामागचा हेतू असावा.

मी तो नंबर फिरवला. पुढचे नाटक बहुतेकांना ठाऊक असेल. गोड हिंदी, ‘सर, सर’ आणि दुरून स्क्रीनचा ताबा देणारा एक प्रोग्राम. पलीकडच्या माणसाने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. अशा खुणा धडधाकट संगणकावरही शेकड्याने असतात आणि त्यांना मी भुललो नाही. मी त्याला स्पष्ट विचारले, ‘तुम्ही मायक्रोसॉफ्टचेच कशावरून?’

त्याने मला काळ्या खिडकीत ‘असॉक’ ही कमांड टाइप करायला लावली. यादी सरसर वर सरकत गेली आणि थांबली. तळाशी ‘झेडएफसेंडटूटार्गेट’ अशा नावापुढे महिरपी कंसात एक लांबलचक क्रमांक होता. ‘हा तुमच्या लॅपटॉपचा परवाना क्रमांक, सर. मी वाचतो, तुम्ही ताडून पाहा,’ असे म्हणून त्याने ८८८डीसीए६० पासून सुरुवात केली आणि शेवटच्या डी०६२ पर्यंत एकही अक्षर चुकवले नाही. मी बोट ठेवून ताडत होतो. माझ्या लॅपटॉपचा क्रमांक कंपनीखेरीज कोणाला ठाऊक असणार, असा विचार कोणीही केला असता. तो क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजवर हाच असतो! ही कमांड कोणत्या प्रकारची फाइल कशाने उघडायची याची यादी दाखवते; परवान्याशी तिचा काडीचाही संबंध नाही आणि ती ओळ झिप फोल्डरची आहे. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होते, त्यात ‘परवाना’ या अर्थाचा एकही शब्द नव्हता, आणि मी मात्र अंक जुळवण्यात गुंतलो होतो. खरे तर फोन तिथेच आपटायला हवा होता. आजही घरातल्या दुसऱ्या संगणकावर तो क्रमांक पाहिला की डोके फिरते.

तपासणीचे १,४९९ रुपये यूपीआयने दिले. समोर कंपनीचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले, तर तो ‘विभागीय लेखापाल’ निघाला. मग तीन वर्षांच्या संरक्षणाचे ७,५०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे ८,८५० रुपये. करही अचूक लावला म्हटल्यावर शंका कोण घेईल? शेवटी ‘पहिली रक्कम दोनदा कापली गेली आहे, परत करतो’ म्हणून नेट बँकिंग उघडायला लावले, स्क्रीन काळी केली आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला. तो पैसे पाठवण्यासाठी नवीन खाते जोडण्याचा होता, असे त्या संदेशातच लिहिले होते, हे बँकेने मला नंतर मोठ्या अभिमानाने दाखवले. कानाशी अखंड बडबड चालू असताना संदेश शेवटपर्यंत कोण वाचतो? ४९,००० रुपये गेले. पैसे परत करणाऱ्याला ओटीपी कधीही लागत नाही, एवढे तरी लक्षात ठेवा.

बँकेच्या शाखेत साहेब रजेवर होते. जे होते त्यांनी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पुढे केले: ओटीपी ग्राहकाने दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. त्याच परिपत्रकानुसार तक्रारीनंतरचे नुकसान बँकेचे असते. म्हणून मी तक्रारीची वेळ लेखी मागितली, तर शिक्का ज्यांच्याकडे तेही जेवायला गेलेले. पोलीस ठाण्यात आधी हसले. मग ‘आरोपी कुठला? कोलकात्याचा? मग इथे गुन्हा कसा घडला?’ असे विचारून जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. तिथे ‘आधी आपल्या ठाण्याचे पत्र आणा’ म्हणाले. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी ते कलम सांगितल्यावर अंमलदार म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ अर्ज तीन प्रतींत मागितला, झेरॉक्सवाल्याचे दुकान बंद, आणि शेवटी हातात पडली ती ‘अर्ज मिळाला’ एवढीच पोच. कर आम्ही भरायचा, कायदाही आम्हीच वाचून दाखवायचा आणि वर हसूनही घ्यायचे! म्हणून शाखेच्या किंवा ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर फिरवा आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता असते ती त्या पहिल्या तासांतच.

भाच्याने येऊन आधी इंटरनेट तोडले, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायला लावले, हिशेबाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या आणि विंडोज नव्याने टाकले. अनोळखी हात आत जाऊन आल्यावर नुसत्या फाइल्स दुरुस्त करून भागत नाही. फोन केलाच नसता तर ‘डिझम’ या विंडोजमधल्याच दुरुस्तीच्या साधनाची रिस्टोअरहेल्थ ही कमांड पुरली असती. ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून चांगल्या फाइल्स आणते आणि त्यानंतर एसएफसी पुन्हा चालवायचे असते. वेळ लागतो, मध्येच आकडा अडकल्यासारखा वाटतो, तरी खिडकी बंद करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन नंबर कधीही नसतो.

१९३० वर केलेल्या तक्रारीमुळे ४९,००० पैकी ६,२०० रुपये एका खात्यात गोठले आहेत. ते सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश हवा असे मला सांगितले, आणि त्यासाठीचा अहवाल आधी कोणी द्यायचा यावर पोलीस ठाणे बँकेकडे आणि बँक पोलीस ठाण्याकडे बोट दाखवत आहे.