गाव वाढणार धरायचं की घटणार? आराखडा करण्याआधी

ग्रामपंचायत विकास आराखडा भरताना सरपंचाला एक अंदाज बांधावाच लागतो: पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे माणसं वाढणार की कमी होणार? नाशिक जिल्ह्यात दोन्ही तऱ्हेची गावं आहेत. सिन्नरकडे मुसळगाव-माळेगावची औद्योगिक वसाहत आणि तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग, तर सुरगाणा-पेठकडे दिवाळी झाली की माणसं द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि घरांना कुलपं. तरी बहुतेक आराखडे वाढ गृहीत धरूनच होतात. गाव घटतंय असं सभेत म्हणणार कोण?

आधी आकडा बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी मुख्यतः २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येवर आला. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे निफाड-दिंडोरीत द्राक्षकाढणी ऐन भरात असताना. मोजणीच्या सगळ्या काळात गावाबाहेर असलेलं कुटुंब जिथे सापडेल तिथे मोजलं जातं. म्हणून घाटाकडच्या पाड्यांचा आकडा मुळातच कमी लागला असणार, असं माझं मत आहे. पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ धरून आहे. म्हणजे पुन्हा तोच हंगाम.

वाढत्या गावात चूक उलटी होते. कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या मतदार यादीत दिसत नाहीत, पण नळाला आणि गटारीला दिसतात. जलजीवनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. दोन हजार वस्तीला १ लाख १० हजार लिटर. त्यात आठशे भाडेकरू धरलेच नसतील तर रोज ४४ हजार लिटर कमी पडतात, आणि भांडण टँकरवर येतं. अशा गावाने नमुना ८ वरची (म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतली) घरं आणि वीजमीटर मोजावेत. घटत्या गावाने अंगणवाडीचं रजिस्टर आणि पहिलीचा पट पाच वर्षांचा काढावा. मतदार यादी दोघांनाही फसवते.

आता दोन्ही अंदाज चुकले तर काय होतं ते बघू. वाढ धरली आणि गाव वाढलं नाही, तर मोठी टाकी, कुलूपबंद व्यायामशाळा आणि पंपाचं वीजबिल गळ्यात पडतं. पैसा जातो, पण सावरता येतं. वाढ धरली नाही आणि गाव वाढलं, तर जागा जाते आणि ती परत येत नाही. गावठाणालगतची शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली जातात. रीतसर लेआउट मंजूर झाला तर मोठ्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. गुंठ्यांच्या व्यवहारात तसलं काही नसतं. मग दहा वर्षांनी शाळेला खोली वाढवायची, स्मशानभूमीला रस्ता द्यायचा किंवा घनकचऱ्याचा शेड टाकायचा तर गायरानाकडे बघायचं, आणि तिथे आधीच कुणाची तरी पत्र्याची टपरी. माझं स्पष्ट मत असं की शंका असेल तर बांधकाम लांबवा, पण जागा आजच राखा. त्याला निधी लागत नाही. ओळखीच्या माणसाला नाही म्हणावं लागतं, आणि अडतं तिथेच.

घटत्या गावाचा आराखडा वेगळाच. नवीन काही बांधू नये, दुरुस्तीवर खर्च करावा. पंधराव्या वित्त आयोगात पाणी-स्वच्छतेसाठी ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे त्यावरच खर्चायचा. त्या पैशातून दुसरी टाकी उभारण्यापेक्षा आहे त्या विहिरीचा गाळ काढणं आणि फुटकी पाइपलाइन बदलणं शहाणपणाचं. सुरगाणा, पेठ, कळवण ही अनुसूचित क्षेत्रं. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचा) म्हणून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही मिळतो, आणि पाड्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. मुख्य गाव वाढत असेल आणि पाडा रिकामा होत असेल तर दोघांना एकच अंदाज लावू नका.

शाळेचं मात्र जपून. पट वीसच्या खाली गेलेल्या शाळा समूह शाळेत, म्हणजे आसपासच्या शाळा मिळून केलेल्या एका शाळेत, नेण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये मांडला होता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. शाळा गेली की उरलेली तरुण कुटुंबंही हलतात.

आणि खरी गंमत तिसऱ्या तऱ्हेच्या गावांची आहे. पावसाळ्यात भात-नागलीला गाव भरलेलं असतं. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की माणसं बागेवर जातात ती काढणी संपेपर्यंत. हे घटणारं गाव नाही, सहा महिने बाहेर राहणारं गाव आहे. त्याला हवं हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप बागेवर असताना पोरं शाळेत राहतील, आणि पावसाळ्याच्या भरलेल्या वस्तीला पुरेल असं पाणी. हिवाळ्यातली कुलपं मोजून अशा गावाची टाकी लहान करू नका.

आपलं गाव यांतलं कोणतं हे कळायला दोनदा उघडी घरं मोजा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा फेब्रुवारीत. दोन्ही वेळा आकडा पाच वर्षांपूर्वीपेक्षा खाली असेल तर घट खरी. फक्त फेब्रुवारीतला खाली असेल तर तिसरी तऱ्हा. आराखड्याचा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेवर ढकलू नका, तेव्हा निम्मा पाडा पिंपळगावच्या आसपासच्या बागांत असतो. १५ ऑगस्टलाच घ्या.