ब्लेंडरमधले झूम : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात माझ्या माऊसचे मधले बटण निकामी झाले. चाक फिरत होते, पण दाबले की काहीच घडत नव्हते. ब्लेंडर या त्रिमितीय प्रतिकृती करण्याच्या संगणक-प्रोग्राममध्ये दृश्य फिरवणे, शिफ्टसह ते सरकवणे आणि कंट्रोलसह जवळ-दूर नेणे ही तिन्ही कामे याच एका बटणावर चालतात, त्यामुळे माझे काम त्याच दिवशी थांबले. माऊस १,४५० रुपयांचा होता आणि वर्षभराच्या हमीचे दोन महिने शिल्लक होते. पावती घेऊन मी फोंड्याहून पणजीला गेलो. सेवा केंद्रातल्या माणसाने चाक दोनदा दाबून पाहिले आणि ही वापरातली झीज आहे, ती हमीत बसत नाही, असे सांगून माऊस परत माझ्या हातात ठेवला. जे बटण दाबण्यासाठीच केले आहे ते दाबल्याने झिजले तर हमी लागू होत नसेल, तर ती कशासाठी देतात, असे मी विचारले. त्याने पुढच्या ग्राहकाला हाक मारली. तो राग अजून गेलेला नाही. पण त्या बंद बटणामुळे ब्लेंडरमधल्या झूमविषयीचे माझे मत पुन्हा एकदा तपासावे लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीचे आराखडे करतो. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले आणि मधोमध राजांगण अशी ही घरे असतात. पूर्वी मी फक्त सपाट आराखडे देत असे. त्रिमितीय प्रतिकृतीची मागणी येऊ लागली तेव्हा दरवर्षी परवान्याचे पैसे भरणे मला परवडणारे नव्हते. ब्लेंडर विनामूल्य आहे आणि तसेच राहणार आहे, कारण २००२ साली लोकांनी सुमारे १ लाख युरो वर्गणी जमवून त्याचा मूळ कोड मुक्त करून घेतला. एवढ्या एका कारणाने मी त्याच्याकडे वळलो आणि या निर्णयाचा मला आजही आनंद आहे.

पहिले दोन महिने मात्र झूमने मला अक्षरशः रडवले. वाशाच्या टोकाशी जायचे म्हणून चाक फिरवावे, तर सुरुवातीला दृश्य झपाट्याने जवळ येई, मग हळूहळू सरके, आणि शेवटी टोक अजून हातभर लांब असतानाच सगळे जागच्या जागी रुतून बसे. चाक कितीही फिरवले तरी उपयोग नसे. प्रोग्राम बिघडला आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती आणि दोघातिघांना मी तसे सांगितलेही होते. ते माझे मत चुकीचे होते. ब्लेंडरचे दृश्य नेहमी एका न दिसणाऱ्या मध्यबिंदूभोवती बांधलेले असते. चाकाचा प्रत्येक खटका आपल्याला ठरलेले अंतर पुढे नेत नाही. आपण आणि तो बिंदू यांच्यात जेवढे अंतर उरले असेल, त्याचा ठरलेला हिस्सा कमी करतो. दहा मीटर उरले असतील तर पाऊल मोठे पडते, दहा सेंटिमीटर उरले असतील तर अगदी लहान, आणि त्या बिंदूपलीकडे जाणे या मार्गाने शक्यच नसते. मला हवे असलेले वाशाचे टोक त्या बिंदूच्या पलीकडे होते, आणि मी मात्र चाक जोराने फिरवीत बसलो होतो.

उपाय एका कळीचा आहे. जे पाहायचे आहे ते निवडावे आणि नमपॅडवरचा, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळांमधला, पूर्णविराम दाबावा. दृश्य तिथे जाते आणि मध्यबिंदूही तिथेच येऊन बसतो. त्यानंतर झूम आणि फिरवणे दोन्ही हुकमी चालतात. माझ्या लॅपटॉपला नमपॅड नाही, पण एस्केपच्या खालची टिल्डेची (~) कळ दाबली की गोल मेनू उघडतो आणि त्यात हीच आज्ञा मिळते. याशिवाय प्रेफरन्सेसमधल्या नेव्हिगेशन विभागात ‘डेप्थ’ आणि ‘ऑर्बिट अराउंड सिलेक्शन’ अशा दोन खुणा आहेत. पॉइंटरच्या दिशेने झूम करण्याची खूण माझ्याकडे आधीपासून होती, पण ती दृश्याला फक्त बाजूला सरकवीत असे. पॉइंटरखालची वस्तू किती खोलवर आहे याचा हिशेब ‘डेप्थ’ चालू केल्यावरच धरला जाऊ लागला. या दोन खुणांनी माझे निम्मे दुखणे संपले. नव्याने शिकणाऱ्याने कोणतीही आकृती काढण्याआधी त्या कराव्यात असे मी आग्रहाने सांगेन.

एवढ्यावर मी समाधानी झालो होतो. मग एका मोठ्या घराचे काम आले. भूमापकाने दिलेल्या आराखड्यात सगळे बिंदू खऱ्या नकाशा-निर्देशांकांत होते, म्हणजे आपल्या भागात पूर्वेकडे सुमारे ३ लाख ९० हजार मीटर आणि उत्तरेकडे सुमारे १७ लाख मीटर. मी त्यावरच भिंती आणि वासे मांडले आणि फाइल ब्लेंडरमध्ये आणली. सगळे एकदम दिसावे म्हणून होमची कळ दाबली, तर पडदा रिकामा झाला. आराखड्यातला एक चुकार बिंदू शून्यावर राहिला होता आणि घर तिथून १७०० किलोमीटरवर होते. दोन्ही एकाच चौकटीत बसवण्यासाठी दृश्य इतके मागे गेले की दृश्याची १,००० मीटरची दूरची मर्यादा, जिच्यापलीकडचे काही दिसतच नाही, कधीच ओलांडली गेली. घर निवडून जवळ गेलो तर वेगळीच तऱ्हा. दृश्य फिरवताना कडा थरथरत, आणि ७५ मिलिमीटर रुंदीचे वासे कुठे नाहीसे झाले होते तर कुठे दीडपटीहून जाड दिसत होते.

याचे कारण समजायला मला आठवडा लागला. ब्लेंडर बिंदूंचे स्थान ज्या अचूकतेने साठवतो, तीत साधारण सात अंक मावतात. १७ लाख लिहिण्यातच सात अंक खर्ची पडतात आणि दशांशासाठी जवळपास काही उरत नाही. नेमके सांगायचे तर तिथे उत्तर-दक्षिण दिशेत दोन शेजारच्या आकड्यांमधले अंतर १२५ मिलिमीटर असते आणि पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे ३१ मिलिमीटर. म्हणजे पूर्व-पश्चिम धावणाऱ्या भिंतीवरचे वासे कसेबसे टिकले आणि उत्तर-दक्षिण भिंतीवरचे मोडले. हे झूमचे काम नव्हतेच. झूमने ते फक्त मला दाखवले. एकदा फाइल आत आली की घर शून्याजवळ सरकवूनही फायदा होत नाही, कारण आकडे त्याआधीच जवळच्या मावणाऱ्या आकड्यावर ओढले गेलेले असतात. सपाट आराखड्यातच घराचा एक कोपरा शून्यावर आणावा, मूळ निर्देशांक वहीत लिहून ठेवावेत आणि मगच फाइल पाठवावी. मी ते सगळे वासे पुन्हा मांडले. तीन रात्री गेल्या.

जवळची मर्यादाही सांगून ठेवतो. ती १ सेंटिमीटर असते, त्यामुळे त्याहून जवळ गेलात की समोरचा पृष्ठभाग कापला जाऊन आतली पोकळी दिसते. एन दाबल्यावर उघडणाऱ्या पट्टीत ती कमी करता येते, पण जवळची मर्यादा फार लहान आणि दूरची फार मोठी ठेवली तर लांबच्या भिंती एकमेकींतून लुकलुकू लागतात. घराच्या कामाला मी दूरची २०० मीटर ठेवतो.

आता बटणाकडे परत येतो. पणजीहून परतल्यावर मी ‘एम्युलेट थ्री बटन माऊस’ ही सोय चालू केली. मग ऑल्ट धरून डावे बटण ओढले की दृश्य फिरते. याची किंमत अशी की ऑल्टसह टिचकी मारून कडांची सबंध साखळी निवडण्याची सवय सोडावी लागते. ती आज्ञा मी मेनूतून घेऊ लागलो. वरच्या ओळीतल्या आकड्यांना नमपॅडचे काम देणारी सोयही मी घेतली होती, पण ती दोन दिवसांत बंद केली, कारण संपादन करताना १, २, ३ या कळांनी बिंदू, कड आणि पृष्ठ यांत बदल करणे मला अधिक गरजेचे आहे.

याच अवस्थेत मी त्या घरी गेलो. राजांगणाच्या चार आतल्या कोपऱ्यांत दोन-दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, एकत्र येतात आणि तिथल्या पन्हळीतून छपराचे बरेचसे पाणी वाहते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस जिथे पडतो तिथे हे कोपरे चुकून चालत नाहीत. मेस्त, म्हणजे तिथले सुतार, वयाने मोठे. त्यांना लॅपटॉपवर विश्वास नव्हता. पन्हळीखालचा कोनवासा भिंतीवर कुठे टेकतो ते दाखवा, असे ते म्हणाले. मी कोनवासा निवडला, टिल्डे दाबून त्याच्याशी गेलो, ऑल्ट धरून सावकाश खालून फिरवले. कौले, रिपा, पन्हळ आणि त्याखालची खाच एकामागून एक समोर आली. “बाब, आणखी जवळून,” असे म्हणत ते स्वतः पडद्याशी वाकले आणि खाचेवर बोट ठेवून म्हणाले, की ही अशी केली तर पाणी लाकडाच्या तोंडात शिरेल. टोक तिरके कापले पाहिजे. त्यांचे म्हणणे बरोबर होते. सपाट आराखड्यावर ही चूक चार महिने माझ्या नजरेतून सुटली होती. तिथेच बसून मी ते टोक तिरके केले, आणि त्यांनी खिशातली पेन्सिल काढून ते माप दाराच्या फळीवर लिहून घेतले.

माऊस नंतर फोंड्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने उघडला, चाकाखालचे नखाएवढे बटण काढून नवे बसवले आणि १५० रुपये घेतले. आता तो पूर्वीसारखा चालतो. ‘एम्युलेट’ची खूण मी काढून टाकली, कडांची निवड पुन्हा ऑल्टवर आली. चाक मात्र पूर्वीच्या मानाने फारच कमी फिरवतो. आधी निवड करतो, टिल्डे दाबतो, आणि शेवटची दोन बोटे अंतर तेवढे चाकावर घेतो.